दोन तासांचं विमान आणि माहेरचं सूप

विमानाला किती वेळ लागतो, असं कोणी विचारलं की माझं डोकं फिरतं. पेणच्या एसटी स्टँडजवळच्या माझ्या दुकानात हा प्रश्न रोज येतो आणि रोज मी तेच उत्तर देते. विमानाला लागतो तो वेळ विमानाचा, तुम्हाला किती लागेल ते विचारा. गिऱ्हाईक गोंधळतं आणि हातातला मोबाइल माझ्या नाकासमोर धरतं. "पण ताई, यात तर पावणेदोन तास दाखवतंय." अहो, मग त्या मोबाइलमध्येच बसून जा की.

मी तिकीटवाली. जन्म रोह्याचा आणि धंदाही शिकले रोह्यालाच. स्टेशनजवळच्या एका दुकानात लग्नाआधी नोकरी करत होते. धाटावच्या कंपन्यांतले लोक शिफ्ट सुटली की मोटारसायकली दाराशी लावून यायचे. कुणाला बडोद्याला कंपनीच्या कामाला जायचंय, कुणाला बायकोला आणायला सोलापूरला. अंगाला केमिकलचा वास आणि प्रत्येकाला घाई. लग्न होऊन पेणला आले आणि नवऱ्याच्या झेरॉक्सच्या दुकानात एक टेबल टाकून बसले. हळूहळू झेरॉक्स कोपऱ्यात गेली आणि माझं टेबल मधे आलं. नवरा अजून अधूनमधून टोमणा मारतो, पण चहा तोच करून देतो.

आता बाहेरच्यांसाठी धंद्यातली एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. इंटरनेटवर कुठल्याही दोन विमानतळांची नावं टाका. लगेच अंतर येतं आणि विमानाला लागणारा वेळही येतो. लोकांना वाटतं, वेळ दिलाय म्हणजे विमान असणारच. तसं काही नसतं. ते यंत्र नकाशावर दोन ठिपक्यांमध्ये सरळ रेघ मारतं, रेघेची लांबी मोजतं आणि विमानाच्या वेगाने भागाकार करतं. त्या रेघेवरून विमान उडतं की फक्त कावळे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. धावपट्टीवर बकऱ्या चरत असल्या तरी ते वेळ सांगणार. आणि खरं विमान असलं, तरी तिकिटावरचा वेळ हा ते जागेवरून हललं तिथपासून दुसरीकडे जागेवर थांबलं तिथपर्यंतचा. घरापासून विमानतळ, तिथली रांग, तपासणी, उतरल्यावर बॅगेची वाट, पुढचा रस्ता, हे सगळं तुमचं तुम्ही बघायचं. विमानतळावर राहायला कोणाचं घर असतं का?

गिऱ्हाइकं एकेक नग असतात. धरमतरच्या खाडीकडचे एक मिठागरवाले आजोबा पहिल्यांदा नातवाकडे हैदराबादला निघाले, तेव्हा त्यांनी विचारलं, "ईमान भरतीला सुटतं का वहटीला?" खाडीतली मालवाहू बार्ज पाणी बघून सुटते, त्यांना दुसरं काय ठाऊक असणार. मी म्हटलं, "आजोबा, त्याला पाणी लागत नाही." त्यांनी बराच विचार केला. "मंग आदल्या दिशीच जाऊन बसतो." त्यांचं बरोबरच होतं, उगाच धावपळ नको. दुसरे एक गृहस्थ दिल्लीच्या लेकासाठी पोपटीचं मडकं विमानात न्यायचं म्हणत होते. भाजलेलं, काळंकुट्ट, आत वालाच्या शेंगा आणि कोंबडी, वर भांबुर्डीचा पाला. मी सांगितलं, "काका, यंत्रात ते मडकं दिसलं तर तुम्हाला बाजूला घेतील. शेंगा डब्यात न्या, मडकं घरी ठेवा." ते म्हणाले, मडक्याशिवाय पोपटी म्हणजे काय. शेवटी लेकालाच थंडीत बोलावून घेतलं आणि त्याचं तिकीट मी काढलं. धंदा झाला आणि पोपटीही मला पोचली.

या धंद्यात एक वाईट आहे. माणूस निघताना आमच्याकडे येतं, पोचल्यावर कधीच येत नाही. लोकांना कुठे कुठे पाठवलं मी, पण पोचले का, जिथे जायचं तिथे वेळेवर गेले का, हे कोणी सांगत नाही. बोंब मारायला मात्र येतात. पोचलो बरं का ताई, असं म्हणायला दुकानाची पायरी कोण चढतो? हे मला फार लागायचं. आणि आता तर तिकिटं जो तो मोबाइलवर काढतो. माझ्याकडे येतात ते घोडं अडल्यावर.

वनिताकाकी आली ती अशीच, ऐन गणपतीत, शनिवारी. काकी जिते स्टेशनजवळच्या एका वाडीतली. भातशेती, त्यावर वाल. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तिचा एकुलता एक मुलगा निलेश धाटावला कंपनीत होता. मग त्याला ओडिशात राऊरकेलाला चांगली नोकरी लागली. त्याचं जायचं तिकीट मीच काढलं होतं. तिथे त्याने तिथल्याच सस्मिता नावाच्या मुलीशी लग्न केलं. काकी लग्नाला गेली नाही. माझ्या दारात तिला आणू नको, असं फोनवर सांगून मोकळी झाली. पोरगाही तिच्याच रक्ताचा, त्याने आणली नाही.

आणि आता काकी माझ्यासमोर बाकावर बसून म्हणत होती, "ज्योती, सुनेला आणायची हाय गो. यंदा गौरी पूर्वात आल्यात."

आमच्याकडच्या वाचकांना एवढ्यावर सगळं कळेल, इतरांसाठी सांगते. आमच्या कोकणात नव्या सुनेचा पहिला ओवसा गौरीपुढे होतो. सुपात फळं, भाज्या, पानसुपारी मांडायची, ते सूप गौरीपुढे ओवाळायचं आणि मग घरातल्या मोठ्यांना द्यायचं. ते झालं की सून खऱ्या अर्थाने घरात आली. पण हा पहिला ओवसा कुठल्याही वर्षी होत नाही. गौरी पूर्वा या पावसाच्या नक्षत्रात याव्या लागतात. यंदा आल्या होत्या आणि पुढच्या वर्षी येणार नव्हत्या. शिवाय सूप माहेरहून यावं लागतं. माझं सूप आईने रोह्याहून एसटीने मांडीवर धरून आणलं होतं.

"वाडीतल्या दोन पोरींचा ओवसा हाय सोमवारी," काकी म्हणाली. "बाया मला इचारतात, तुझ्या सुनेचा कधी? मी काय सांगू? ह्या वर्साला नाय झाला तं दोन वर्सं गेली. दोन वर्सांत मी पुन्ना हट्टाला पेटंन, तो बी पेटंल. मग ऱ्हाऊनच जाईल ते."

तिने एवढं स्पष्ट सांगितलं, यातच सगळं आलं. काकीचा हट्ट वाडीत प्रसिद्ध. गणपतीच्या दिवशी तिने स्वतः पोराला फोन केला होता. पोरगा हरखला. त्याला कंपनीतून एकच दिवस सुट्टी मिळत होती, सोमवारची. त्याने मोबाइलवर बघितलं आणि आईला सांगितलं, राऊरकेला ते नवी मुंबई पावणेतेराशे किलोमीटर, विमानाला दोन तास. सकाळी निघतो, पनवेलला उतरतो, दुपारी जेवायला घरी आणि रात्री परत. तिकीट मात्र काकीला स्वतः काढायचं होतं. "मी बोलावलंय, तं तिकीट मीच काढनार," असं म्हणत तिने पिशवी पुढे केली.

मी कपाळाला हात लावला. राऊरकेलाहून इकडे थेट विमान नव्हतंच. आणि पनवेलजवळचा नवा विमानतळ बांधून होत आला होता, पण तिथून विमानं अजून सुरू व्हायची होती. म्हणजे जिथून विमान निघत नव्हतं तिथून निघून जिथे उतरत नव्हतं तिथे हा पोरगा दोन तासांत उतरणार होता. बाजारात तुरी, म्हणतात ते हेच.

निलेशला फोन लावला. तो माझ्याशीच वाद घालायला लागला. "ताई, नेटवर आहे ना. तुम्ही नीट बघा."

"नीट बघूनच सांगते. ते अंतर आहे, विमान नव्हे. पेण ते चंद्र टाकलंस तरी वेळ सांगेल."

 मग रेल्वेने दोघं निघालो तर, असं त्याने विचारलं. पण रेल्वेने नुसतं यायलाच दिवसाहून जास्त लागतो आणि त्याची सुट्टी एकच दिवसाची. सुट्टी वाढवायला गेला, तर शिफ्टला माणूस नव्हता. शेवटी त्याने आशा सोडली. "राहू द्या ताई. आईला सांगा, नशिबात नाही."

काकी समोरच बसली होती, तिला सगळं ऐकू जात होतं. ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. मला तिची दया आली आणि रागही आला. अख्खं वर्ष होतं हिला हट्ट सोडायला.

तेवढ्यात फोनवर दुसरा आवाज आला, बारीक पण ठाम. "दीदी, मैं अकेली आ जाऊँगी. रास्ता आप बता दीजिए."

सस्मिता. माझ्या अंगात एकदम जोर आला. अडलेलं गाडं काढायचं, हेच तर माझं काम. मी कागद घेतला, पुन्हा टाकला आणि स्क्रीनवरच शोधायला लागले. रविवारी दिवसाच्या गाडीने राऊरकेलाहून रायपूर, बसायची जागा होती. रायपूरला तिची कॉलेजातली मैत्रीण राहत होती, रात्री तिच्याकडे. सोमवारी सकाळी रायपूरहून मुंबईचं विमान. ते खरंखुरं होतं, रोज उडणारं. मुंबईहून पुढे मी बघते म्हटलं. काकीला म्हटलं, "काकी, तुझी सून सोमवारी दिवेलागणीच्या आत घरी. तू फक्त घरी थांब आणि गौर सजव."

"व्हय," काकी म्हणाली. तिचं ते व्हय मी ऐकलं आणि विश्वास ठेवला, ही माझी चूक.

सोमवारी सकाळी सस्मिता विमानात बसली. मी दुकानात एकीकडे गिऱ्हाइकं करत होते आणि एकीकडे मोबाइलवर तिचं विमान बघत होते. विमान मुंबईजवळ आलं आणि गोल गोल फिरायला लागलं. पावसामुळे खाली जागा मिळत नव्हती. तिकिटावरचा वेळ संपला तरी ते आपलं फिरतंय. नवऱ्याने चहा आणून ठेवला, तो निवला. गौरीपुढे ओवसा त्यांच्या घरच्या रीतीप्रमाणे दिवे लागायच्या आत व्हायला हवा होता आणि मला तो वेळ विमानाच्या मागे पळताना दिसत होता. शेवटी ते उतरलं.

तोपर्यंत मुंबई-गोवा रस्त्यावर गाड्यांची रांग लागल्याचं कळलं. पनवेलपर्यंत गाडी येईल, पुढे अडकेल. मी सस्मिताला सांगितलं, "गाड़ी से सिर्फ पनवेल स्टेशन तक आना. वहाँ से रोहा की ट्रेन पकड़ना. जिते उतरना." तिने दोनदा विचारून घेतलं, "जिते, ना?" आणि निघाली.

काकीला कळवावं म्हणून फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला, नाही. शेजारच्या घरी लावला, तर तिथली बाई म्हणाली, "काकी तं सकाळीच गेली. पुतन्याच्या टेम्पोतून. ईमानतळावं."

"कुठल्या?"

"पनवेलच्या. नव्या."

 माझ्या आयुष्यात मी इतकी चिडले नसेन. हजारदा सांगितलं होतं बाईला, मुंबईला उतरेल, मुंबईला. पण काकीचं डोकं वेगळं चालतं. विमानतळ पनवेलला बांधलाय म्हटल्यावर माणूस मुंबईला कशाला उतरेल, असा तिचा सरळ हिशेब. शिवाय पोराने पनवेल म्हटलं होतं. पोराचा शब्द खरा, तिकीटवाली खोटी.

थोड्या वेळाने अनोळखी नंबरवरून फोन आला. त्या नव्या विमानतळाच्या गेटवरचा वॉचमन होता, बोलण्यावरून साताऱ्याकडचा. "मॅडम, तुमचं कार्ड आहे यांच्याकडे. इथे एक मावशी सकाळपासून बसल्यात. टेम्पोवाला सोडून गेला. मी सांगतोय, इथे अजून विमान येत नाही, तर म्हणतात, तुम्हाला ठावं नसंल. हातात हे एवढं सूप आहे, फडक्यात बांधलेलं. खालीसुद्धा ठेवत नाहीत."

मी काकीला फोन द्यायला सांगितलं आणि तोंडाला आलं ते बोलले. घरी थांब म्हटलं होतं ना, गौर तिकडे, सून तिसरीकडे, तू तिथे बकऱ्या राखतेस का, असं सगळं. काकीने शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं तुझं?" तिने विचारलं. मग म्हणाली, "ज्योती, सूप माहेरचं लागतं ना गो? तिचं कोन हाय इथं? ती रिकाम्या हातानं वाडीत शिरली असती तं बाया बोलल्या असत्या. माझ्यापुढं नाय, तिच्या पाठी. ते तिनं कशापायी ऐकायचं? म्हनून वाडीच्या बाहेरच तिच्या हातात सूप द्यायचं ठरवलं. शनिवारी तुझ्याकडून निघाले ना, तवाच पेणच्या बाजारातून घेतलं. घरी थांबले असते तं सूप कोनी नेलं असतं?"

 राग कुठे गेला कळलं नाही, डोळे भरून आले. लग्नाला न गेलेली ही बाई सुनेचं माहेर हातात धरून चुकीच्या विमानतळाच्या फाटकाशी सकाळपासून बसली होती.

आणि चुकीचा असला, तरी तो विमानतळ पनवेलपासून जवळ होता. मुंबईला गेली असती तर दोघींची चुकामूक नक्की होती. वॉचमनने पनवेल स्टेशनपर्यंत रिक्षा करून दिली. भला माणूस, त्याचं नावसुद्धा मी विचारलं नाही. या दोघींनी एकमेकींना फक्त फोटोत बघितलेलं, काकीने तोही धड बघितलेला नाही. मी सस्मिताला फोनवर सांगितलं, "स्टेशन पर सूप वाली औरत ढूँढना." तिला सूप म्हणजे काय ते विचारावं लागलं नाही. म्हणाली, "हमारे यहाँ भी होता है, दीदी." काकीला म्हटलं, पाठीवर निळी पिशवी असेल. मग दोघींचेही फोन लागेनात.

मी दुकान बंद केलं. ऐन सणात, गिऱ्हाईक दारात असताना. नवरा बघतच राहिला. स्कूटर काढली आणि गाड्यांच्या रांगेच्या कडेकडेने जित्याला गेले. आजवर माणसं पाठवली, एकालाही पोचताना पाहिलं नव्हतं. हिला बघायचंच, असं ठरवलं होतं. फलाटावर वाडीतल्या तीन-चार बाया आधीच येऊन उभ्या होत्या. बातमी पसरली होती.

गाडी आली. पुढच्या दारातून आधी निळी पिशवी दिसली, मग सस्मिता उतरली. प्रवासाने दमलेली, केस विसकटलेले, पदर नीट डोक्यावर आणि दोन्ही हातांत सूप. फडकं सोडलेलं, आतली केळी, काकडी, पानसुपारी दिसत होती. तिच्यामागून काकी उतरली आणि मुद्दाम चार पावलं मागे राहिली.

बायांतली एक पुढे झाली. "काय गो, सूप कुठचं?"

"माहेरचं," काकी म्हणाली. "माहेरनं आणलंय तिनं. इतक्या लांबनं."

बायांनी सूप बघितलं. पेणच्या बाजारातलं सूप कोणाला ओळखू येणार नाही? सगळ्यांच्या घरात तसलीच सुपं. पण ती विचारणारी बाईच म्हणाली, "चल गो बाय, दिवं लागायच्या आत." आणि सस्मिताची पिशवी तिने आपल्या खांद्याला अडकवली.

सस्मिता माझ्यासमोर थांबली. मी कोण हे तिला आवाजावरूनच कळलं असावं, कारण फलाटावरही मी काकीला ओरडत होते. ती वाकली आणि गाडीत काकीकडून शिकून ठेवलेलं एक वाक्य सावकाश बोलली. "ताई, पोचले."

आजवर ज्याची वाट बघत होते, ते मला जित्याच्या फलाटावर ऐकायला मिळालं. ओवसा वेळेत झाला. त्यातला एक विडा माझ्या हातात आला आणि विड्यावर काहीतरी द्यायचं असतं म्हणून मी माझ्या हातातल्या दोन बांगड्या तिला घातल्या. काचेच्याच होत्या, पण तिला बसल्या.

पुढे थंडीत नव्या विमानतळावरून विमानं सुरू झाली. परवा काकी दुकानात आली. बाकावर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "आता तरी येतं ना गो ईमान तिथं?"

"येतं. तुला कशाला?"

"राऊरकेलाला जायचं हाय. तिच्या आयशीला भेटायचंय. लग्नाला नाय गेले ना मी." मग पिशवी चाचपत, "ईमानात सूप घेऊ देतात ना?"

मी म्हटलं, सूप नेऊ देतात, वरची काकडी कापायला विळी मात्र नेऊ नको. ती हसली. मग तिने नेहमीचा प्रश्न विचारला, किती वेळ लागेल. मी मोबाइलला हातही लावला नाही. इथून विमान, मग रायपूरहून पुढे गाडी, तुझ्या दारापासून तिच्या दारापर्यंत दीड दिवस तरी धर, असं सांगितलं.

"दीडच?" काकी म्हणाली. "मग जवळच हाय की."